‘रॉकेट’च्या पोटांतील पंचवीस नळ्या

आगगाडीचें इंजिन कोणीं केलें, असें शाळकरी मुलास विचारिलें, तर तो जॉर्ज स्टीफन्सनचें नांव तत्काळ सांगेल. परंतु ज्या इंजिनानें स्टीफन्सनचें नांव जगभर झालें, त्याचें मर्म यंत्रविद्येशीं संबंध नसलेल्या एका गृहस्थानें सुचविलें होतें, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक नसेल.

इ. स. १८२९ सालीं लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग पुरा होत आला, तरी गाड्या ओढावयाच्या कशानें, याचा निकाल लागला नव्हता. वाटेंत ठिकठिकाणीं स्थिर इंजिनें बसवून गाड्या दोरखंडांनीं ओढाव्या, असा वॉकर व रॅस्ट्रिक या तज्ज्ञांचा अभिप्राय पडला. तो मान्य झाला असता, तर चालत्या इंजिनाची आशा बहुधा तेथेंच संपती. अखेर संचालकांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लावून ६ ऑक्टोबरपासून रेनहिल येथें परीक्षा मांडली.

पांच यंत्रें आलीं. त्यांपैकीं एक तर घोड्याच्या बळावर चाले! लंडनचें ‘नॉव्हेल्टी’ वाऱ्यासारखें धांवे, पण वारंवार बिघडे. हॅकवर्थचें ‘सां पारेल’ही मध्येंच बंद पडलें. ‘रॉकेट’नें मात्र सुमारें १३ टन ओझें ताशीं सरासरी १२ मैल वेगानें ओढून कसोटी पुरी केली.

घरच्या बंबाच्या मधोमध जसा जाळाचा एक नळ असतो, तसाच जुन्या इंजिनाच्या बॉयलरांत असे. त्यामुळें पुष्कळशी उष्णता धुराड्यावाटे फुकट जाई. कंपनीचे चिटणीस हेन्री बूथ हे मूळचे धान्याचे व्यापारी. एका नळाऐवजीं अनेक बारीक नळ्या पाण्यांतून न्याव्या, म्हणजे उष्णता पाण्यास अधिक लागेल, असें त्यांनीं सुचविलें. जॉर्जचा पुत्र रॉबर्ट यानें न्यूकॅसलच्या कारखान्यांत तांब्याच्या २५ नळ्या बसविल्या. फ्रान्सांत मार्क सेगँ यांसही हीच कल्पना स्वतंत्रपणें सुचली होती.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या गाडीचीं इंजिनें त्याच लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाजवळील व्हल्कन कारखान्यांत झालीं होतीं. ब्रिटिश रेल्वेनें ११ ऑगस्ट १९६८ रोजीं मुख्य मार्गांवरील वाफेच्या गाड्यांस निरोप दिला, तेव्हांही इंजिनांच्या पोटांत नळ्यांचेंच जाळें होतें.

‘रॉकेट’च्या कामीं स्टीफन्सन पितापुत्रांनीं बूथ यांस भागीदार करून घेतलें होतें. सांगणाऱ्याचा पेशा न पाहतां त्यांनीं सांगणें पारखून घेतलें, यांतच त्यांचें खरें मोठेपण आहे, असें आम्हांस वाटतें.