पकड कोणाच्या नावावर लिहायची?

शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही कबड्डी स्पर्धेत शेवटची बक्षिसं ठरलेली असतात: उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. चढाईच्या बक्षिसावर सहसा वाद होत नाही. कुणी किती गडी मारले ते सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पकडीचं बक्षीस मात्र ज्याच्या हातात घोटा सापडला त्यालाच मिळतं. ते बघताना मला दरवेळी वाटतं, यातलं निम्मं त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पोराचं होतं.

मी आटगावच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि हंगामात गावोगावच्या स्पर्धांना गुणलेखनाला बसते. तानसाचं धरण 1892 पासून मुंबईला पाणी पाजतंय. त्याच्या आसपासची अघई, खर्डीपासून किन्हवली, डोळखांबपर्यंतची आणि पलीकडे सरळगाव, धसई, टोकावड्याकडची गावं भाताची झोडणी उरकली की कबड्डीला लागतात. कापणी झालेल्या शेतातली ढेकळं फोडायची, पाणी मारून जमीन चोपायची, वर बारीक माती पसरायची आणि फक्कीने रेषा मारायच्या, की मैदान तयार. मग हॅलोजनच्या उजेडात पहाटेपर्यंत सामने चालतात. गुणलेखकाचं टेबल मध्यरेषेच्या टोकाशी असतं. तिथून दोन्ही अंगणं सारखी दिसतात, आणि मुख्य म्हणजे पकड होण्याआधी कोण कुठे उभं होतं तेही दिसतं. प्रेक्षक चढाईपटूकडे बघतात, माझी नजर बचावाच्या सात जणांवर असते.

या सात जणांची जागा समजायची तर मैदानाची मापं ठाऊक हवीत. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर लांबी येते. रुंदीतून दोन्ही कडांच्या एकेक मीटरच्या लॉबी वजा केल्या तर झटापट सुरू होईपर्यंत खेळायला 8 मीटरच उरतात. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदानरेषा असते. चढाईपटूने कुणाला हात लावला नाही आणि ही रेषाही ओलांडली नाही, तर तो परत आला तरी बाद. तिच्या मागे 1 मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हाच बोनस मिळतो, तोही एक पाय रेषेपलीकडे टेकवून दुसरा हवेत ठेवला तर. बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत उरतात फक्त 1.75 मीटर.

या पावणेदोन मीटरच्या पट्टीत दोन टोकांना दोन कोपरारक्षक उभे असतात. पोरं त्यांना कॉर्नरच म्हणतात. कॉर्नरच्या शेजारी इन, मग कव्हर, आणि मधोमध सेंटर. कडेचे दोघं-दोघं आणि मधले तिघं अशी हातांची साखळी धरून बरेच संघ उभे राहतात. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो तेव्हा त्याचा घोटा कॉर्नरच्या हाताखाली येतो. त्या क्षणी चढाईपटू एका पायावर असतो, म्हणून घोट्याची पकड कॉर्नरच्याच नशिबी जास्त येते. पण त्याने पाय तिथेच का टाकला, हा खरा प्रश्न आहे.

मागच्या हंगामात डोळखांबकडच्या एका गावात उपांत्य सामना होता. मुरबाडकडच्या संघाचा चढाईपटू हाताने लांब आणि पायाने चपळ. तो दर चढाईत उजव्या कव्हरला हूल देऊन मधून परत फिरत होता. उत्तरार्धात उजव्या कव्हरने एकच बदल केला. तो अर्धं पाऊल पुढे सरकून निदानरेषेच्या जवळ उभा राहिला आणि शेजारच्या गड्याचा हात त्याने सोडला. अंगावर धावला नाही, नुसता उभा राहिला. चढाईपटूची परतीची नेहमीची वाट बंद झाली. त्याला लॉबीच्या बाजूने, म्हणजे कॉर्नरच्या दिशेने जावं लागलं. निदानरेषा ओलांडायची म्हणून पाय टाकला, कॉर्नरने घोटा धरला, आणि तो मध्यरेषेकडे झेपावायच्या आत कव्हरने समोरून छाती लावून ब्लॉक दिला. ध्वनिक्षेपकावर कॉर्नरचं नाव तीनदा पुकारलं गेलं, कुणीतरी त्याच्या नावाने रोख बक्षीसही जाहीर केलं. माझ्या शेजारी वही घेऊन बसलेल्या शाळेतल्या मुलीला मी कव्हरचा नंबर आधी लिहायला सांगितला.

एका पकडीने किती उलथापालथ होते, ते आकड्यांत मांडायला हवं. पकड झाली की आपल्याला एक गुण मिळतो, आपला बाद झालेला एक गडी परत आत येतो, आणि त्यांचा चढाईपटू बाहेर बसतो. तिसरी गोष्ट गुणफलकावर दिसत नाही, पण सामना बहुतेक वेळा तिच्यावरच फिरतो. त्यांच्या दुसऱ्या कुणी आपला गडी मारेपर्यंत किंवा आपल्या चढाईपटूला पकडेपर्यंत तो बाहेरच राहतो. तोवर दुय्यम चढाईपटूंना यावं लागतं, तेही अडकत गेले की संघ रिकामा होतो आणि लोणाचे दोन गुण वर बसतात.

पकड फसली तर मात्र जितक्यांनी हात लावला तितके बाहेर, आणि समोरच्याला तितके गुण. एकट्याने धरायचं ठरवलं तर मिळवायला एक आणि गमवायलाही एक, म्हणजे दोन प्रयत्नांत एक जमला तरी बरोबरी होते. दोघांनी उडी घेतली तर फसल्यावर दोन जातात, तेव्हा तीन प्रयत्नांत दोन जमले पाहिजेत. तिघं गेले तर चारात तीन. ज्याला चढाईपटूचा हात आधीच लागलाय त्याने तर धरलंच पाहिजे, कारण चढाईपटू सुटला तर तो बाद आहेच. त्याच्या मदतीला कुणी जायचं आणि कुणी जागा सोडायची नाही, एवढाच प्रश्न उरतो. अंगणात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड झाली तर एक गुण जादा मिळतो. वर्तमानपत्रं तिला अव्वल पकड म्हणतात, पोरं सुपर टॅकल. तेव्हा दोघांच्या उडीचा हिशेबही दोनात एक असा सोपा होतो. म्हणून तीन गडी उरलेल्या संघाला मी कधी हरलेला मानत नाही. मला भीती वाटते ती चार-पाच गडी असलेल्या संघाची. त्याला जादा गुण नाही आणि साखळीही पुरती होत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी शिकायला अमेरिकेत गेला. तिथल्या कॉलेजांच्या फुटबॉलची आकडेवारी त्याने मला फोनवर दाखवली. आपल्याला माहीत असलेला पायाने खेळायचा फुटबॉल हा नव्हे. अकरा विरुद्ध अकरा, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा पुढे फेकायचा. चेंडू हातातून सुटून समोरच्या संघाकडे गेला, किंवा फेकलेला चेंडू त्यांनी मधेच झेलला, तर त्याला टर्नओव्हर म्हणतात. कुणी किती मिळवले, किती घालवले, याची वजाबाकी दर आठवड्याला मांडली जाते. मला त्यातली एक गोष्ट फार ओळखीची वाटली. अडवणाऱ्या संघाची तीन-चार दांडग्या गड्यांची पुढची फळी चेंडू फेकणाऱ्यावर धावून जाते, तो घाईघाईत फेकतो, आणि मागे उभा असलेला दुसराच कुणी चेंडू झेलतो. नोंद झेलणाऱ्याच्या नावावर होते. शिवाय जमिनीवर सुटलेला चेंडू कुणाच्या हाती लागेल हे बरंचसं नशिबावर असतं. म्हणून किती चेंडू सोडवले आणि त्यातले किती हाती आले, हे तिकडचे जाणकार वेगवेगळं मोजतात.

आमच्याकडेही नशिबाचा वाटा असतो. मध्यरात्रीनंतर दव पडतं, माती वरून ओलसर होते आणि चांगला चढाईपटू वळताना घसरतो. ती पकड गुणात धरलीच पाहिजे, पण तिच्यावरून बचाव चांगला होता असं म्हणता येणार नाही. माझ्या वहीत ‘घसरला’ असा वेगळा रकाना आहे.

26 जुलै 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि बचावाचे आकडे घराघरांत पोचले. एका सामन्यात पकडीचे पाच गुण म्हणजे ‘हाय फाइव्ह’, हे आता पाचवीतलं पोरही सांगतं. 2018 च्या हंगामात यूपी योद्धाच्या नितेश कुमारने पकडीचे 100 गुण केले. एका हंगामात तिथवर पोचलेला तो पहिला बचावपटू. पुणेरी पलटणने 1 मार्च 2024 ला हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून विजेतेपद घेतलं, त्या हंगामात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूचे पकडीचे 99 गुण होते. यू मुंबाकडून खेळलेला इराणचाच फजल अत्राचली डाव्या कोपऱ्याचा राजा. ही तिन्ही नावं कोपऱ्यात खेळणाऱ्यांची आहेत. सुरजीत सिंगसारखा कव्हरवर खेळणारा गडीही पकडीच्या यादीत वर आहे, हे खरं. पण त्याच्यासारखे जे अंगावर जातात तेच मोजले जातात. जो कव्हर नुसता उभा राहून वाट बंद करतो, त्याच्या नावापुढे टीव्हीवरसुद्धा काही दिसत नाही.

जागेचं मोल देशाला एकदा चांगलंच कळलं. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून पुरुषांचं सुवर्ण भारत सोडून कुणाकडे गेलं नव्हतं. 2018 ला जकार्तात उपांत्य सामन्यात इराणने 27-18 ने हरवलं. आपले नामांकित चढाईपटू आत जात होते आणि इराणची फळी त्यांना वाट देत नव्हती. भारताला अवघे 18 गुण करता आले. या सामन्याबद्दल बोलताना लोक अजून आपल्या चढाईपटूंनाच बोल लावतात. मला तो इराणच्या सात जणांच्या उभं राहण्याचा विजय वाटतो.

पाच वर्षांनी, 7 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊच्या अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर होते. शेवटच्या दोन मिनिटांत 28-28 अशी बरोबरी होती. पवन सेहरावत कुणालाही हात न लावता लॉबीत गेला आणि त्याला धरायला इराणचे बचावपटूही त्याच्यामागे लॉबीत उतरले. हात लागल्याशिवाय लॉबी खुली होत नाही. मग एकटा पवन बाद की त्याच्यामागे गेलेलेही? जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरं. निर्णय फिरत राहिले, सामना तासभर अडला, आणि अखेर भारत 33-29 ने जिंकला. नियमाचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ते बचावपटू आपल्या जागी थांबले असते, तर वादाला जागाच नव्हती. नंतर वर्गात मी फळ्यावर मैदान काढून मुलींना तेवढंच शिकवलं.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मला फार टोचते. महिलांचं मैदान 12 बाय 8 मीटरचं. निदानरेषा 3 मीटरवर, बोनस रेषा 4 मीटरवर, आणि लॉबी सोडून रुंदी फक्त 6 मीटर. म्हणजे सात जणी जास्त दाटीने उभ्या राहतात. मधल्या साखळीखालून डुबकी मारायला जागा कमी मिळते, आणि कॉर्नरचा हात बोनसच्या पायापर्यंत वेगळ्या कोनातून पोचतो. तरी गावात मुलींचा सराव मुलांसाठी आखलेल्या मैदानातच उरकला जातो, कारण पुन्हा फक्की कोण मारणार? महिनाभर चुकीच्या अंतरावर उभं राहायची सवय लागते आणि तालुक्याच्या स्पर्धेत तीच मुलगी अर्ध्या पावलाने हुकते. नुसतं फक्कीचं एक पोतं आणि मोजपट्टी लागते. कुठल्याही मंडळाला तेवढं परवडतं.

माझ्या वहीत प्रत्येक चढाईला एक ओळ असते. चढाईपटूचा नंबर, अंगणात किती गडी होते, प्रथम कुणी अडवलं, मग कुणी धरलं, कितीजण अंगावर गेले, सुटला की सापडला, आणि सापडला तर पुढच्या किती चढाया तो बाहेर बसला. गुणलेखन सांभाळून हे एकटीला जमत नाही, म्हणून शेजारी दुसरं माणूस लागतं. आठवी-नववीतली मुलगी दोन सामन्यांत तयार होते. स्पर्धा संपल्यावर ‘प्रथम कुणी अडवलं’ हा रकाना वरून खाली वाचला की दरवेळी एखादं असं नाव पुढे येतं, जे ध्वनिक्षेपकावर एकदाही ऐकू आलेलं नसतं. बहुतेकदा तो कव्हर असतो.

यंदा मंडळांच्या बैठका सुरू होतील तेव्हा माझी मागणी एवढीच आहे: उत्कृष्ट पकडीचं बक्षीस जोडीला द्या, धरणाऱ्याला आणि अडवणाऱ्याला. एक चषक जास्त लागेल. नावं काढायला टेबलावर दुसरी वही ठेवा, लिहायला मुलगी मी देते.