दिवे दिसतात, जमीन दिसत नाही

हिवाळ्यात पहाटे राजूरच्या रस्त्याला लागलं की धुक्यात दूरवर एखादा दिवा दिसतो. आता दोन मिनिटांत पोचू असं वाटतं, आणि चालूनचालून पाय दुखले तरी तो तेवढाच लांब. मधली झाडं, कुंपण, घरं दिसली तरच अंतराचा अंदाज येतो. अंधार त्या खुणाच पुसून टाकतो.

रात्री लहान विमान उतरवणाऱ्याला हीच अडचण येते. खाली काळीभोर शेतं, पुढे फक्त धावपट्टीच्या दिव्यांच्या दोन रांगा. अशा वेळी आपण आहोत त्याहून उंच आहोत असं वाटतं, आणि हात आपोआप विमान खाली नेतो. बोइंगचे कॉनराड क्राफ्ट यांनी १९६०च्या दशकात अनुभवी वैमानिकांना सिम्युलेटरवर बसवून हे तपासलं होतं. नुसत्या दिव्यांच्या भरवशावर त्यांच्यातलेही बरेच जण धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला टेकले.

धुकं याहून फसवं. समजा, धुक्याचा थर जेमतेम १०० फूट जाड आहे. वरून सरळ खाली पाहिलं तर दिवे लख्ख दिसतात, कारण नजर १०० फूटच धुकं ओलांडते. पण विमान साधारण ३ अंशांच्या उतारावरून येतं. थरात शिरल्यावर नजर तिरपी जाते आणि तिला तेच धुकं जवळजवळ १९०० फूट कापावं लागतं. क्षणापूर्वीचे दिवे विझल्यासारखे होतात. त्यातच नाक वर उचललं गेल्याचा भास होतो, आणि वैमानिक ते खाली दाबतो, जमिनीपासून हाताच्या अंतरावर असताना. विमानाचा स्वतःचा दिवा लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते.

जानेवारी २०२३मध्ये मध्य प्रदेशातल्या रीवा इथे रात्री, धुक्यात, प्रशिक्षणाचं विमान धावपट्टीजवळच्या मंदिराच्या शिखराला धडकलं. प्रशिक्षक वैमानिक गेले, शिकाऊ वैमानिक जखमी झाला. शिकवायला बसलेला माणूस जातो, हे मला फार लागतं. मोठी विमानंही सुटत नाहीत: ७ जुलै १९६२च्या सुमारास, रात्री, मुंबईकडे येणारं अलिटालियाचं विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि ९४ जण दगावले. मुंबई जवळ आली असं समजून ते वेळेआधीच खाली आलं होतं.

म्हणून डोळ्यांऐवजी दुसरे साक्षीदार लागतात. धावपट्टीच्या कडेला ‘पापी’ (PAPI) नावाची चार दिव्यांची रांग असते: दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतार बरोबर, चारही लाल म्हणजे फारच खाली. ३ अंशांच्या उतारावर दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट उंची हवी, हा हिशेब उंचीमापकाशी ताडून पाहता येतो. मात्र त्यात हवेचा दाब एक हेक्टोपास्कल चुकीचा भरला तरी उंची सुमारे ३० फुटांनी चुकते.

आणि ठरलेल्या उंचीपर्यंत दिवे दिसले नाहीत, किंवा दिसून पुन्हा हरवले, तर पूर्ण शक्ती देऊन वर जायचं. हा निर्णय खाली, धुक्यात, घाईत घ्यायचा नसतो. तो उड्डाणाआधी इंधन भरतानाच घ्यायचा असतो, दुसऱ्या मोकळ्या धावपट्टीपर्यंत पुरून उरेल एवढं टाकीत घेऊन.