पुस्तकातला बोलका चौकोन

पाठ्यपुस्तकातल्या धड्याजवळ छापलेला काळा-पांढरा चौकोन म्हणजे क्यूआर कोड. १९९४मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी तो तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. तीन कोपऱ्यांतले ठळक चौकोन कॅमेऱ्याला दिशा दाखवतात. म्हणून पुस्तक उलटं धरलं तरी कोड वाचता येतो. माहितीबरोबर दुरुस्तीचे संकेतही त्यात साठवलेले असतात. त्यामुळे काही भाग पुसला किंवा मळला, तरी माहिती मिळते. दप्तरात चुरगळणाऱ्या पुस्तकांसाठी हा गुण फार मोलाचा!

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडले. त्यातून मुलांना कविता ऐकता आल्या, व्हिडिओ पाहता आले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले. २०२०मध्ये डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

मात्र कोड फक्त दार उघडतो; शिकवतो तो शिक्षकच. म्हणून शिक्षकांनो, व्हिडिओ सलग दाखवू नका. मध्येच थांबवा, ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारा आणि मुलांना बोलू द्या.