सुटलेलं गर्द आणि ऑपरेशननंतरची गोळी

व्यसनमुक्तीनंतर : भाग सहावा

डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ आज जरा जवळून वाचू. ‘टॅब. ट्रामाडॉल ३७.५ + पॅरासिटामॉल ३२५, १-०-१, पाच दिवस.’ हर्नियाचं ऑपरेशन, मोडलेलं हाड, उपटलेली अक्कलदाढ, अशा कितीतरी पेशंटच्या कार्डावर ही ओळ असते. बहुतेकांच्या गोळ्या संपतात, दुखणं थांबतं आणि विषय मिटतो. पण पेशंट गर्दमधून बाहेर पडलेला असेल, तर या पाच दिवसांकडे घरच्यांनी आणि डॉक्टरांनी बारकाईनं बघायला हवं.

कारण ट्रामाडॉल ओपिऑइड गटातलं औषध आहे. अफू, मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन आणि आपल्याकडे गर्द किंवा ब्राउन शुगर म्हणतात ते, हे सगळे पदार्थ मेंदूतल्या ज्या जागी जाऊन बसतात, तिथेच हेही बसतं. त्याचा जोर कमी असतो, पण ती ओळखीची ऊब मेंदूला लगेच कळते. त्या उबेची सवय मोडायला माणसाला वर्ष-दोन वर्षं लागलेली असतात. भारतात ट्रामाडॉल २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. तरीही ‘डॉक्टरांनीच दिलंय’ या वाक्याला आपल्या घराघरांत इतका मान आहे, की त्या गोळीवर शंका घेणं आईवडलांना सुचतही नाही. एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १.१४ टक्के लोक हेरॉइन वापरणारे आढळले आणि ०.९६ टक्के औषधी ओपिऑइड नशेसाठी वापरणारे. म्हणजे अड्ड्यावरचा माल आणि पाकिटातली गोळी यांचं पारडं जवळपास सारखं आहे. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं तेव्हा झोप उडवली होती ती गर्दच्या पुडीनं. आज केवळ पुडीवर लक्ष ठेवून भागत नाही.

धोका दोन प्रकारचा आहे. एक म्हणजे स्लिप, पुन्हा नशेकडे घसरणं. सकाळ-संध्याकाळची गोळी दुपारीही घेतली जाते, पाच दिवसांचे दहा होतात, मग दुसऱ्या दुकानातून दुसरं पाकीट येतं. दुसरा धोका थेट जिवाचा आहे. नशा बंद असते तेव्हा शरीराची सहन करण्याची ताकद उतरते. स्लिप झालेला माणूस पुन्हा गर्दकडे वळला आणि त्यानं जुन्या हिशेबानं मात्रा घेतली, तर आता तेवढ्यानंच श्वास मंदावतो आणि थांबूही शकतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर फार लवकर.

हे वाचून कुणी ठरवेल, की अशा माणसाला दुखण्यावरचं काही द्यायचंच नाही. हा निष्कर्ष मला क्रूर वाटतो, आणि चुकीचाही. बरीच वर्षं ओपिऑइड घेतलेल्या माणसाला दुखणं इतरांपेक्षा जास्त जाणवू शकतं. तो कण्हतो तेव्हा ‘याला पुन्हा गोळी हवीय’ असं वॉर्डातच बोललं जातं, आणि तो लाजेनं गप्प बसतो. न थांबलेलं दुखणं आणि त्यानं उडालेली झोप हीसुद्धा जुन्या अड्ड्याकडे जाणारी सरळ वाट आहे. वेदना सोसणं ही काही त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा नव्हे.

उपाय आहेत. दातदुखीवर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल मिळून ओपिऑइडइतकंच किंवा जास्तच काम करतात. मात्र मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. हातापायाच्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ नस बधिर करणारं इंजेक्शन देऊ शकतात, त्यानं पहिले काही तास निभावतात. मोठ्या ऑपरेशननंतर ओपिऑइड द्यावंच लागलं तर द्यावं, पण मोजून, थोड्या दिवसांचं. पाकीट आई, बायको किंवा भाऊ यांच्यापैकी एकाच्या हातात असावं, आणि उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नयेत. पेशंटला न सांगता पाकीट लपवू नका. आधी बोलून ठरवलं तर तो सहसा स्वतःच म्हणतो, तूच ठेव.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो व्यसनमुक्तीचं औषध चालू असलेल्यांचा. जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन घेणारा माणूस ॲडमिट झाला आणि लाजेपोटी बोललाच नाही, तर ते औषध बंद पडतं आणि ऑपरेशनच्या दुखण्यावर टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, चढते. आता साधारणपणे ते चालू ठेवूनच वेदनेचा बंदोबस्त करतात. नाल्ट्रेक्सोनवर असलेल्याचं उलटं होतं. त्याच्यावर ओपिऑइड चालतच नाही, आणि ‘गुण येत नाही’ म्हणून मात्रा वाढवत नेली तर ते जिवावर बेततं. ठरवलेलं ऑपरेशन असेल तर नाल्ट्रेक्सोनची गोळी साधारण ७२ तास आधी थांबवतात, पण तो निर्णय भूलतज्ज्ञ आणि व्यसनमुक्तीचे डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा असतो. मेथाडोन चालू असेल तर पेंटाझोसिनचं इंजेक्शन वेदना थांबवण्याऐवजी टर्कीच आणतं.

म्हणून भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा चार गोष्टी सांगायच्या : कशाचं व्यसन होतं, कधीपासून बंद आहे, सध्या कोणतं औषध चालू आहे, आणि आपल्या व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांचा फोन नंबर. वॉर्डात सगळ्यांसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर एका चिठ्ठीवर लिहून द्या. औषध घेताना पाकिटावर लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ दिसलं, तर ते अमली पदार्थांच्या कायद्याखालचं औषध आहे असं समजा आणि दुकानातूनच डॉक्टरांना फोन करा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि जुलाबावरची डायफेनॉक्सिलेटची गोळीही विचारूनच घ्या, तीही ओपिऑइड गटातलीच. आणि समजा जास्तीची गोळी घेतली गेलीच, तर त्याच दिवशी समुपदेशकाला सांगा. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, घरच्यांनीही तिथे फोन करावा.

पुढच्या आठवड्यात कॅन्सरसारख्या दीर्घ दुखण्याविषयी. तिथे मॉर्फिन टाळता येत नाही, आणि टाळूही नये.