अंगणवाडी की बालवाडी? तुलना करण्याआधी माझी चूक वाचा

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, आमच्या भागातल्या अंगणवाड्या आणि महापालिकेच्या बालवाड्यांची तुलना करायचीय. तुझी प्रश्नावली देशील?" देते. पण आधी पहिल्या पायलटमध्ये मी काय घोळ घातला ते सांगते.

जागा होती मुंबईच्या पूर्व उपनगरातली, मानखुर्दची एक वस्ती. अंगणवाडी भाड्याच्या छोट्या खोलीत आणि पाच मिनिटांवर महापालिका शाळेच्या इमारतीत बालवाडी. दोन्हीकडे मी एकेक सकाळ बसले. खेळणी आणि तक्ते मोजले, मुलांना रंग-आकार विचारले. सगळ्या रकान्यांत बालवाडी पुढे! 'अंगणवाडीत शिक्षणाचा दर्जा कमी', असं वाक्यही लिहून टाकलं.

तो तक्ता मी सेविकाताईंना दाखवला. त्यांनी शांतपणे बघितला आणि विचारलं, "यात मुलांचं वय कुठंय?"

वय लिहिलंच नव्हतं. त्या वस्तीत मूल साडेचार-पाचचं झालं की बरेच पालक त्याला बालवाडीत घालतात, म्हणजे पुढे पहिलीचा प्रवेश सोपा जाईल. अंगणवाडीत उरतात ती लहान मुलं. साडेतीन वर्षांच्या मुलाची तुलना मी पाच वर्षांच्या मुलाशी करत होते आणि फरकाचं श्रेय शाळेला देत होते. सिलेक्शन बायस म्हणतात तो हाच: कोण कुठे जातं, हे आधीच ठरलेलं असतं.

दुसरी चूक दिवसाची. मी गेले तो वजन घेण्याचा दिवस होता. अंगणवाडी ज्या एकात्मिक बालविकास योजनेत येते, ती २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्या सहा सेवा आहेत: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. सहापैकी एकच काम मोजून मी अख्ख्या केंद्राला नापास केलं होतं.

तिसरी चूक मोजपट्टीची. हार्म्स आणि क्लिफर्ड यांची 'इसर्स' ही १९८० ची अमेरिकन मोजपट्टी जागा आणि फर्निचरलाही गुण देते. छोट्या खोलीत ते गुण जाणारच. पण खोली सेविकेने निवडलेली नसते. तिला मिळतं ते मानधन, आणि असा अहवाल वर गेला तर खुलासा तिलाच द्यावा लागतो.

म्हणून आता मी असं करते:

१. प्रत्येक मुलाचं वय महिन्यांत लिहायचं आणि तुलना एकाच वयोगटात करायची.
२. प्रत्येक केंद्रात निदान तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं. हजेरी सुरुवातीला आणि खाऊच्या वेळी, दोनदा मोजायची.
३. जागेचे गुण वेगळे आणि मुलांशी बोलण्या-खेळण्याचे गुण वेगळे ठेवायचे. बेरीज करायची नाही.
४. मूल इथेच का घातलं, हे पालकांना विचारायचं.
५. केंद्र ओळखू येईल असा तपशील अहवालात ठेवायचा नाही.

ते वाक्य मी खोडलं. प्रश्नावली आज पाठवतेय. तिचा पहिला रकाना जन्मतारखेचा आहे.