लेबल फक्त दाखवतं, सांभाळत नाही



संशोधनाला लागलात की कधी ना कधी स्वतःच्या प्रयोगासाठी छोटासा प्रोग्रॅम लिहावा लागतोच. सेन्सरचं तापमान स्क्रीनवर दाखवायचं, शेजारी जोडणीची आकृती लावायची, खाली एक 'स्टार्ट' बटण. पायथॉन येत असेल तर त्यासाठी टीके-इंटर ही सोपी सोय आहे, कारण ती सहसा पायथॉनसोबतच मिळते. या खिडकीतला सगळ्यात साधा भाग म्हणजे लेबल. आज त्याच्याबद्दल बोलू, कारण प्रयोगाच्या नोंदी चुकण्याची एक वाट इथूनच जाते.

लेबल म्हणजे काय?

लेबल म्हणजे खिडकीतली पाटी. वापरणाऱ्याला ती वाचता येते, तिच्यात टाइप करता येत नाही. विंडोजच्या प्रोग्रॅमिंगमध्ये तर या प्रकाराचं नावच 'स्टॅटिक' आहे. क्यूटीमध्ये तो 'क्यूलेबल' असतो, जावा स्विंगमध्ये 'जेलेबल'. लेबलवर अक्षरं लावता येतात, चित्र लावता येतं, आणि टीके-इंटरमध्ये 'कम्पाउंड' हा पर्याय दिला तर दोन्ही एकत्र.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. लेबलला शेवटचं जे सांगितलं, तेच ते दाखवत राहतं. ते अजून खरं आहे का, याची त्याला काही कल्पना नसते.

अक्षरं : नक्कल की जोडणी?

समजा तापमानाच्या व्हेरिएबलमध्ये 25.3 आहे आणि तुम्ही ते 'टेक्स्ट' या पर्यायात दिलंत. लेबलने त्या क्षणीची नक्कल घेतली. नंतर व्हेरिएबल 31.8 झालं तरी स्क्रीनवर 25.3 च राहणार.

यावर दोन उपाय आहेत. एक, दर वेळी 'कॉन्फिग' वापरून नवा मजकूर द्यायचा. दोन, 'स्ट्रिंगव्हार' तयार करून तो 'टेक्स्टव्हेरिएबल' या पर्यायाला जोडायचा. मग 'सेट' केलं की लेबल आपोआप बदलतं. दर सेकंदाला वाचन हवं असेल तर 'व्हाइल' लूपमध्ये 'स्लीप' टाकू नका, खिडकी गोठते. त्याऐवजी 'आफ्टर' वापरा : 1000 मिलिसेकंदांनी फंक्शन चालतं, आणि ते शेवटच्या ओळीत स्वतःलाच पुन्हा बोलावतं.

चित्र : जागा आहे, चित्र नाही

फंक्शनच्या आत 'फोटोइमेज' तयार केली, लेबलला दिली, प्रोग्रॅम चालवला. खिडकी उघडते. चित्राएवढी जागा दिसते, पण कोरी. एररही नाही! नवशिक्यांचे तासन्‌तास इथे जातात.

कारण असं, की पायथॉन आणि टीके ही दोन वेगळी घरं आहेत. लेबलकडे चित्राचं फक्त नाव असतं, 'पायइमेज1' असं काहीतरी. फंक्शन संपलं की आतलं व्हेरिएबल जातं. त्या वस्तूला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही म्हणून पायथॉन ती टाकून देतो, आणि जाता जाता टीकेलाही चित्र पुसायला सांगतो. टीकेचा नियम असा, की पुसलेल्या चित्राची जागा तेवढीच ठेवायची, पण रिकामी दाखवायची.

उपाय एका ओळीचा आहे : लेबल.इमेज = फोटो. या 'इमेज' नावात जादू काही नाही, दुसरं नाव दिलंत तरी चालेल. लेबल आहे तोवर कुणीतरी ते चित्र धरून ठेवलं पाहिजे, एवढंच. क्यूटीमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथलं लेबल चित्राची स्वतःची प्रत ठेवतं.

जाता जाता : 'विड्थ' अक्षरांच्या लेबलला अक्षरांत मोजतात, चित्राच्या लेबलला पिक्सेलमध्ये. पीएनजी फाइल टीके 8.6 पासून थेट चालते. जेपीईजी साठी पिलो लायब्ररी घ्या.

शिळा आकडा

आता मुख्य मुद्दा. रात्री तीनला सेन्सरची वायर सुटली. वाचनाच्या फंक्शनमध्ये एक्सेप्शन आलं, त्यामुळे शेवटची 'आफ्टर'ची ओळ आलीच नाही. टीके-इंटर एरर टर्मिनलवर छापतं आणि खिडकी चालू ठेवतं. टर्मिनल मागे झाकलेलं, लेबलवर 25.3. सकाळी कुणीतरी येऊन वहीत 25.3 लिहितं. ताजा आकडा आणि शिळा आकडा दिसायला अगदी सारखेच!

म्हणून तीन सवयी लावून घ्या :

1. एक्सेप्शन पकडा, आणि तिथेही लेबल बदला. आकड्याच्या जागी लाल रंगात 'वाचन नाही' दाखवा. नुसतं 'पास' लिहिणं म्हणजे शिळा आकडा तसाच ठेवणं.
2. आकड्याशेजारी शेवटच्या वाचनाची वेळ दाखवा.
3. एकक लेबलवरच लिहा. तुम्हाला ते पाठ असेल, पण पुढच्या वर्षी येणाऱ्या ज्युनिअरला अंश सेल्सिअस की केल्विन हे कसं कळणार?

आज एवढं करून बघा. प्रोग्रॅम चालू असताना सेन्सरची वायर मुद्दाम काढा, दहा सेकंद थांबा आणि स्क्रीनकडे बघा. आकडा जागचा हलला नसेल, तर खऱ्या प्रयोगाला बसण्याआधी अजून थोडं काम बाकी आहे.