जुना डेस्कटॉप विकायला काढताय? आधी हार्ड डिस्क बघा



सकाळी शटर उघडलं, कॉम्प्युटरचं बटण दाबलं, आणि तो चालू होईपर्यंत झाडू मारून, अगरबत्ती लावून, चहासुद्धा पिऊन झाला. असं तुमच्या दुकानात होतंय का? गिऱ्हाईक समोर उभं आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरतंय. मग आपण म्हणतो, आता नवीनच घ्यावा लागणार. थांबा. बऱ्याचदा प्रोसेसर ठणठणीत असतो, गाडी अडते ती हार्ड डिस्कपाशी.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ७२०० किंवा ५४०० वेळा, आणि एक दांडी पुढे-मागे सरकत डेटा शोधते. विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइल्स लागतात, म्हणजे तितकी शोधाशोध. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. फरक पडतो तो इथे.

कॅबिनेट उघडून केबल बघा. अरुंद चपटी केबल असेल तर ते साटा, तिथे २.५ इंची साटा एसएसडी बसते. रुंद पट्टीची केबल म्हणजे आयडीई, त्या मशिनवर पैसे घालू नका. बोर्ड साटा २ चा असेल तर एसएसडी पूर्ण वेगाने पळणार नाही, तरी फरक जाणवतोच. म्हणून महागडं मॉडेल नको. बिलिंग आणि टायपिंगसाठी २५६ जीबी पुरते.

आता खरी जोखीम. डिस्क शे-दोनशेची की हजारांची, हा प्रश्नच नाही. आतला डेटा गेला तर धंदा अडतो. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी टॅलीचा डेटा फोल्डर, बिलं, फोटो, सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. "कॉपी झालं" असं दिसणं वेगळं आणि फाइल उघडणं वेगळं! टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, नव्या डिस्कवर परत ॲक्टिव्हेट करा. क्लोनिंगसाठी क्लोनझिला फुकट आहे. पण विंडोज आधीच कुरकुरत असेल तर मी नवीन इन्स्टॉलच करायला सांगेन.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. एसएसडीने हे बदलत नाही. अशा मशिनवर बिलं छापा, बँकेचे व्यवहार नको.

जुनी डिस्क महिनाभर कपाटात ठेवा. नंतरही भंगारवाल्याला तशीच देऊ नका. झेरॉक्स सेंटरवाल्यांनो, तुमच्या डिस्कवर लोकांची आधार आणि पॅन कार्डं आहेत, आणि साध्या क्विक फॉरमॅटने ती पुसली जात नाहीत. ड्रिलने तबकडीला आरपार दोन-तीन भोकं पाडा, मग द्या.